फ्लेक्स मशीन एकाएकी स्लो झाली? हेडला हात लावायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल महिना म्हणजे आमच्याकडं फ्लेक्सवाल्याचा सुगीचा महिना. रामनवमीची पोहरादेवीची यात्रा, १४ एप्रिलची जयंती, लग्नसराई, त्यातच कोणाचा वाढदिवस तर कोणाची कुठं निवड झालेली, आणि नेमकी तेव्हाच मशीन हळू होते. बंद पडली तर निदान कळतं तरी की बंद पडली, गिऱ्हाइकाला तसं सांगता येतं, बाजूच्या तालुक्याला काम पाठवता येतं. हळू झालेली मशीन मात्र फसवते. चालून तर राह्यली ना, म्हणून आपण तसंच रेटत राहतो आणि रात्री अकराला लक्षात येतं की सोळा मिनिटांच्या बॅनरला चाळीस मिनिटं लागून राह्यली अन् बाहेर चार पोट्टे गाडी घेऊन उभे आहेत.

माझं दुकान यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, जिनिंगच्या रोडवर. सहा फुटी इको सॉल्व्हंट शाईची मशीन आहे, एक हेडवाली (हेड म्हणजे शाई सोडणारा भाग), हेड एक इंचाचं. तुमची मशीन दहा फुटी कोनिका हेडवाली असली तरी यातलं जवळपास सगळं लागू पडतं. मी ज्या चुका केल्या आणि आजूबाजूच्या दुकानांत होताना पाहिल्या त्याच लिहितो, कारण नवीन पोरांनी कर्ज काढून मशीन घेतलेल्या असतात आणि असे दोन सीझन वाया गेले तर हप्ता कुठून भरणार?

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: स्लो झाली की हेड क्लिनिंग मारणे

१३ एप्रिलच्या रात्री माझ्याकडं ५ बाय १० फुटांचे नऊ बॅनर बाकी होते. मशीन हळू झाली. मी काय केलं, लगेच क्लिनिंग. एकदा, दोनदा, तीनदा. मग हेडखाली सोल्यूशन लावून वीस मिनिटं थांबलो. शाई गेली, वेळ गेला, स्पीड तेवढीच. नोझल चेक (हेडची बारीक भोकं शाई सोडतात का ते दाखवणारी चाचणीची प्रिंट) काढला तर पहिल्यापासूनच साफ होता, एकही रेघ तुटलेली नव्हती, आणि हे मी पहिल्या मिनिटाला पाहायला पाहिजे होतं.

नोझल चोक झालं तर प्रिंटमध्ये रेघा येतात, रंग फिका पडतो, पण आपल्या या मशीनवर कॅरेजची (हेड घेऊन फिरणाऱ्या गाडीची) स्पीड त्यानं कमी होत नाही. हेडला माहीतच नसतं की त्याचं एखादं भोक बंद आहे, मशीनचा सर्किट बोर्ड सांगेल तेव्हा ते शाई सोडतं, बस. म्हणून फक्त स्पीड पडली असेल आणि नोझल चेक साफ असेल तर हेडकडं जायचंच नाही. उगाच खोललं, वायर तिरपी बसली, तर चालतं हेड उडतं.

त्या रात्रीचं खरं कारण काय निघालं ते खाली सांगतो.

न पाहताच रिपेअरिंग सुरू करणे

"मशीन स्लो झाली" हा एक आजार नाही, चार-पाच वेगळे आजार आहेत आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. बैल लंगडला तर आपण आधी त्याला चालवून पाहतो ना, कोणता पाय टाकत नाही ते, लगेच पट्टी बांधायला बसत नाही. तसंच इथं. खुर्ची घ्या, मशीनसमोर बसा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि पाच मिनिटं कॅरेजकडं नुसतं पहा.

कॅरेज नेहमीच्याच स्पीडनं जाते पण टोकाला गेल्यावर क्षणभर थबकते आणि मग परत फिरते, असं असेल तर तिला डेटा वेळेवर मिळून नाही राह्यला. दोष कॉम्प्युटर किंवा केबलचा.

कॅरेजच हळू सरकत असेल, नाही तर मध्येच झटका खात असेल, तर सेटिंगमधली स्पीड, नाही तर रेल, बेल्ट, एन्कोडर पट्टी (हेड कुठं आलं ते मोजायची पट्टी).

कॅरेज झपाझप जाते, थांबत पण नाही, तरी बॅनर पुढं सरकतच नाही, तर पास (एकाच जागेवर मारायचे फेरे) वाढलेत.

बॅनर दोन फुटांचा आणि कॅरेज सहा फूट फिरून येते, तर तो फाईलचा किंवा रिपचा (फाईलचे मशीनसाठी ठिपके बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रकार आहे.

आणि आठ-दहा फेरे मारून पूर्ण थांबते, पंपाचा घर्र आवाज येतो, मग चालते, तर शाई पोचून नाही राह्यली.

एवढं ठरलं की अर्धं काम झालं. बाकी सगळं यावरच आहे.

पास कोणी वाढवला हे न विचारणे

सर्वात जास्त वेळा हेच निघतं. गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, हे पट्टे काहून आले बे चेहऱ्यावर?" मग दुकानातला पोरगा पट्टे जावे म्हणून ४ पासचा ८ पास करतो, फेदर (पासच्या कडा एकमेकांत मिसळायची सेटिंग) वाढवतो, बाय-डायरेक्शन काढून एकाच दिशेनं प्रिंट लावतो. ते काम छान निघतं, पोरगा घरी जातो, सेटिंग मात्र तशीच सेव्ह राहते. दुसऱ्या दिवशी मालक येतो आणि मशीन म्हातारी झाली म्हणून डोक्याला हात लावतो.

हिशोब करून पहा. एक इंचाचं हेड, ४ पास म्हणजे दर फेऱ्याला मटेरियल पाव इंच सरकतं. १० फूट लांबीचे १२० इंच, म्हणजे ४८० फेरे. एका फेऱ्याला २ सेकंद धरले तर १६ मिनिटं. तेच ८ पासवर ९६० फेरे, ३२ मिनिटं. त्यात प्रिंट एकाच दिशेनं लावली तर परतीचा फेरा रिकामा जातो म्हणजे आणखी जवळपास दुप्पट, तासाभराच्या घरात गेलं. मशीनमध्ये काहीच खराबी नाही, आपणच तिला तेवढं काम सांगितलं.

आणि पट्टे यायचं खरं कारण बहुतेकदा चुकलेली स्टेप व्हॅल्यू (दर फेऱ्याला मटेरियल किती सरकायचं तो आकडा) असते. फ्लेक्सचा रोल बदलला, जाडी बदलली की मटेरियल सरकण्यात केसाएवढा फरक पडतो. स्टेप करेक्शन करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, पास वाढवायची गरज राहत नाही. चौकातल्या बॅनरला, जो लोक वीस फुटांवरून गाडीवर जाता जाता पाहतात, त्याला ८ पास कशाला पाहिजे? घरात लावायच्या विनाईलला, दवाखान्याच्या बोर्डाला जरूर द्या.

रिपमध्ये दोन प्रिसेट वेगळ्या नावानं सेव्ह करा, "चौक" आणि "विनाईल". माझ्याकडं मशीनच्या बाजूच्या भिंतीवर स्केचपेननं लिहून ठेवलं आहे की कोणत्या प्रिसेटला कोणता पास, दिशा दोन्ही की एक, आणि ५ बाय १० ला किती मिनिटं. कोणी काही बदललं तर खाली तारीख टाकायची. या एका सवयीनं मी कितीतरी रात्री वाचवल्या.

ज्यांच्याकडं ऑफिसचा प्लॉटर आहे, एचपीचं डिझाईनजेट वगैरे, त्यांनी पेपरचा प्रकार कोणता निवडला आहे ते पहा. साध्या बाँड पेपरवर प्रिंट काढून राह्यले आणि सेटिंग ग्लॉसी फोटो पेपरची असेल तर ते मशीन जास्त पास घेतं, वाळवायला थांबतं, जमिनीचा नकाशा असो की इंजिनिअरचा प्लॅन.

केबलला "केबलच तर आहे" म्हणणे

आता १३ एप्रिलच्या रात्रीचं. क्लिनिंगनं काही झालं नाही तेव्हा मी खाली बसलो आणि पाहिलं. कॅरेज डावीकडं जाऊन थबकत होती. एक, दीड, कधी तीन सेकंद. मग आठवलं की सकाळी पोरानं झाडझूड करताना कॉम्प्युटरचा टेबल भिंतीकडं सरकवला होता, केबल पुरली नाही म्हणून त्यानं ३ मीटरच्या यूएसबी केबलला ५ मीटरचं एक्स्टेन्शन जोडलं. प्रिंट येत होती, त्याला काय वाटणार की काही बिघडलं?

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्याच्यापुढं सिग्नल कमजोर पडतो आणि मग कॉम्प्युटर कधी कधी मशीनला जुन्या स्पीडवर टाकतो. नवी स्पीड ४८० मेगाबिट, जुनी १२. कोपऱ्यात एक बारीकसा मेसेज येतो की हे डिव्हाईस याहून फास्ट चालू शकते, आणि तो कोणी वाचत नाही. आता ५ बाय १० चं एक काम ७२० बाय ७२० डीपीआयवर (इंचाला एवढे ठिपके), चार रंग, दोन बिटचा व्हेरिएबल डॉट (लहान-मोठे ठिपके), म्हणजे सुमारे ३.७ जीबी डेटा. सोळा मिनिटांत तो पोचवायचा तर सेकंदाला जवळपास ४ एमबी लागतात. १२ मेगाबिटची लाईन सेकंदाला कशीबशी दीड एमबी देते, तेही कागदावर. म्हणजे चाळीस मिनिटांच्या आत ते काम होणारच नाही, तुम्ही हेड नवीन टाका की मशीन नवीन आणा. टेबल मागं घेतला, एक्स्टेन्शन काढलं, केबल कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला, मदरबोर्डवरच्या, थेट लावली. सोळा मिनिटं. रात्रीचे अडीच वाजले होते, पण पहाटे सातला नऊच्या नऊ बॅनर रिंगा ठोकून तयार होते.

म्हणून केबल आखूड, जाडसर, दोन्ही टोकांना फेराईटचा गोळा असलेली घ्या. यूएसबी हब मध्ये नको. पुढच्या पोर्टला नको, तिथं मोबाईल चार्जिंगला लावू देत. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद करा, हाय परफॉर्मन्सवर ठेवा.

आणि अर्थिंग. हे कोणी सांगत नाही पण आमच्याकडं फार मोठं कारण आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो आणि अर्थिंग फक्त नावाला उरते. मग केबलमध्ये नॉईज येतो, डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, मशीन थबकते, कधी कनेक्शनच तुटतं. मल्टीमीटरनं न्यूट्रल आणि अर्थच्या मधला व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मी मार्चपासून दर दोन दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी टाकतो. मशीनच्या कॅरेजला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात त्या दुकानदारांनी तर हे आजच पहा, यात जिवाचाही धोका आहे.

कॉम्प्युटरवर सगळीच कामं करणे

एकाच कॉम्प्युटरवर पोरगा कोरल उघडून पत्रिका बनवतो, फोटोशॉपात चार फाईल उघड्या, मागं गाणी चालू, आणि त्याच्यातच रिप चालून मशीनला डेटा जाऊन राह्यला. साध्या हार्डडिस्कला एकाच वेळी वाचायला आणि लिहायला लावलं की ती दम तोडते. सी ड्राईव्ह भरला असेल तर आणखीच, कारण रिपच्या टेम्पररी फाईल तिथंच पडतात. जुन्या पीआरएन फाईली (रिपनं मशीनसाठी बनवलेल्या) महिनोन् महिने कोणी काढत नाही, एकेक तीन-चार जीबीची, पाहता पाहता डिस्क लाल होते. दर सोमवारी डिलीट करा, मूळ डिझाईन असली की पुरे. जमलं तर रिपच्या कॉम्प्युटरला एसएसडी टाका, फरक त्याच दिवशी दिसतो. रिपचं फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राईव्हवरूनच प्रिंट मारत बसू नका, आधी डिस्कवर कॉपी करा.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर, सगळीकडं पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त. सीपीयूचा पंखा धुळीनं भरलेला असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो. सकाळी मशीन बरोबर आणि दुपारी दोनला स्लो, असं रोज होत असेल तर आधी डब्याचं झाकण काढून ब्लोअर मारा.

डीपीआय वाढवला की प्रिंट चांगली येते ही समजूत

यात दोन गोष्टी लोक एकत्र करतात. फाईलचा डीपीआय वेगळा, मशीनचं रेझोल्यूशन वेगळं. ५ बाय १० ची फाईल ७२ डीपीआयवर सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) साधारण १५० एमबी होते, तीच ३०० वर अडीच जीबीच्या वर जाते, सतरा पट. रिप व्हायला तेवढा जास्त वेळ लागतो. पण रिप पूर्ण होऊन पीआरएन बनली की मग मशीनला फरक पडत नाही, कारण मशीनला तिच्याच रेझोल्यूशनचा डेटा जातो. म्हणजे रिप आणि प्रिंट एकाच वेळी चालवत असाल तर जड फाईलमुळं कॅरेज थबकते, आधी रिप करून मग प्रिंट दिली तर नाही. घाईच्या दिवसांत मी संध्याकाळी सगळ्या फाईली रिप करून रांगेत लावून ठेवतो, रात्रभर फक्त प्रिंट.

व्हॉट्सॲपवर आलेला नेत्याचा फोटो ३०० डीपीआय केला म्हणून त्यात काही नवीन येत नाही, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

याच्यातच दुसरी एक लपलेली गोष्ट आहे. बॅकग्राऊंड पांढरं दिसतं पण नसतं. जेपीजीत पांढऱ्याला किंचित पिवळट छटा असते, डोळ्याला दिसत नाही पण रिपला दिसते, मग ते तिथंही तुरळक ठिपके टाकतं आणि कॅरेजला त्या ठिपक्यांसाठी पूर्ण रुंदी फिरावं लागतं. फोटोशॉपात आयड्रॉपर लावून पहा, चारही रंग शून्य पाहिजे. रिपमध्ये पांढरी जागा सोडायचा ऑप्शन चालू आहे का तेही पहा, आणि रंगाची पट्टी दुसऱ्या टोकाला छापायला लावली असेल तर ती कामाच्या जवळ घ्या. दोन-दोन फुटांचे तीन बॅनर असतील तर एकाखाली एक लावण्यापेक्षा रुंदीत बाजूबाजूला लावा, टोकाला वळण्यात जाणारा वेळ तिघांत वाटला जातो.

रुई आणि धूळ आली कुठून, हे विसरणे

दिवाळी झाली की आमच्या रोडवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. दिवसभर हवेत रुई उडते, उन्हात पाहिलं तर बारीक बर्फ पडल्यासारखं दिसतं. दोन वर्षांआधी जानेवारीत शंकरपटाचे बॅनर चालू होते आणि कॅरेज मध्यावर आली की झटका खायची, हळू व्हायची, परत जोर धरायची. टॉर्च मारून पाहिलं तर एन्कोडर पट्टीवर एक रुईचा धागा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, शाईच्या वाफेनं चिकटून बसलेला. एवढ्याशा धाग्यानं सहा फुटी मशीन अडवली होती.

एन्कोडर पट्टी म्हणजे मशीनचे डोळे. तिच्यावर केसासारख्या रेघा असतात, कॅरेजवरचा सेन्सर त्या मोजतो आणि त्यावरून बोर्डाला कळतं की हेड कुठं आलं. रेघ दिसली नाही की गणित चुकतं.

पट्टी साफ करताना मशीन बंद. धागे न सुटणारं मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नुसतं ओलसर करा, दोन बोटांत पट्टी हलकी धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेनं न्या. कापसाचा बोळा तर मुळीच नाही, ज्याच्यानं दुखणं आलं तेच पुन्हा लावण्यासारखं आहे. थिनर किंवा शाईचं सोल्यूशनही नको, प्लॅस्टिकच्या पट्टीवरच्या रेघाच पुसल्या जातात.

रेलही पुसा. मशीन बंद करून, हेड कॅपवरून (हेड झाकून ठेवायच्या जागेवरून) मोकळं असेल तरच, कॅरेज हातानं सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेऊन पहा. जिथं जड लागते तिथं खाली काय आहे ते पहा. हेड कॅपवर लॉक असेल तर जबरदस्ती ओढू नका. रेलवर ट्रॅक्टरचं ग्रीस लावणारे मी पाहिले आहेत, त्यात रुई आणि धूळ बसून आठ दिवसांत लेप तयार होतो. कंपनीनं सांगितलेलं तेल, दोन थेंब, आणि जास्तीचं पुसून घ्या.

लाईन कमी आहे हे न मोजणे

रब्बीत गहू-चण्याला पाणी सुरू झालं की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम चालू होतात आणि गावातला बल्ब पिवळा पडतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आला की शाई वाळवणाऱ्या हिटरची ताकद तेवढ्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे ६१ टक्क्यांवर येते. थंडीच्या सकाळी तर हिटर तापमान गाठतच नाही आणि ज्या मशीनला तापमान आल्याशिवाय पुढं जायचं नाही असं सेट केलेलं असतं ती थांबून राहते. मशीनच्या मोटरचा सप्लायही हलका असला तर कॅरेज सुस्त पडते. मल्टीमीटर दोन-तीनशेला मिळतो, घ्या आणि संध्याकाळी सातला एकदा मोजा. मशीनला चांगला स्टॅबिलायझर, कॉम्प्युटर आणि बोर्डाला ऑनलाईन यूपीएस, हिटर आणि ड्रायरची लाईन वेगळी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन चालवू नका.

इंजिनिअरला नुसतं "स्लो झाली" म्हणून बोलावणे

नागपूर-अमरावतीवरून माणूस येणार, जाण्यायेण्याचा खर्च आपल्यावर, आणि तो येऊन पास ८ चा ४ करून जाणार असं होऊ देऊ नका. फोन करायच्या आधी हे तयार ठेवा: नोझल चेकचा फोटो, कॅरेज दोन्ही टोकाला वळताना दिसेल असा एक मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट, रिपच्या सेटिंगचा फोटो, एका फेऱ्याला किती सेकंद लागतात तो आकडा, लाईनचा व्होल्टेज. फेरे थांबून पंप चालत असेल तर शाईचा फिल्टर आणि डॅम्पर (हेडजवळची शाईची छोटी डबी) शेवटी कधी बदलले ती तारीख पण सांगा, कारण चोक फिल्टरमुळं छोटी टाकी भरायला उशीर लागतो आणि मशीन वाट पाहते, तेव्हा तो फिल्टर सोबतच घेऊन येईल. आणि तो येईपर्यंत एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की १ फुटाचा तुकडा मारून स्टॉपवॉच लावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधरली, तर पुढच्या पोळ्याला ती परत हळू झाली की पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागते.